फोनविषयी विचारा : खोटं खातं निघालं, माझं बंद करू का?

प्रश्न : ताई, आमचा घरचा बेदाणा आणि हळद आहे. गिऱ्हाइकं बरीचशी फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात. मागच्या आठवड्यात कुणीतरी माझं नाव, माझाच फोटो लावून फेसबुकवर दुसरं खातं काढलं. "अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव" असे मेसेज नणंदेला आणि मावसभावाला गेले. भावाने पाठवलेही. मला मात्र ते खातं शोधून सापडत नाही. घरचे म्हणतात, फेसबुक बंदच करून टाक. काय करू?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, बंद करू नका. तुम्ही खातं काढून टाकलंत तरी खोटं खातं तिथंच राहील, आणि "ती मी नव्हे" हे सांगायला तुम्हीच तिथं नसाल. लबाडी दुसऱ्याने करायची आणि बाईने कमाईचं साधन सोडायचं, हे मला पटत नाही.

आधी भावाला आत्ताच्या आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. एक आठवडा गेलाय, तरी तक्रार करायचीच. पैसे पाठवल्याची पावती, मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

खातं तुम्हाला दिसत नाही, कारण अशी माणसं बहुतेक वेळा खऱ्या माणसालाच ब्लॉक करतात. म्हणून तक्रार नणंदेच्या फोनवरून करा. ते प्रोफाइल उघडायचं, तीन टिंबांवर दाबायचं, रिपोर्ट निवडायचं आणि हे खातं माझ्या मैत्रिणीचं सोंग घेतंय असं कळवायचं. घरातल्या चार-पाच जणांना करायला लावा.

आता मूळ दुखणं. फोटो कुणीही उचलतं. पण नणंद कोण, मावसभाऊ कोण, हे त्याला कळलं कसं? बहुतेक तुमच्या मित्रयादीवरून. ती सगळ्या जगाला उघडी असणार. माझ्याकडे विश्रामबागेत फोन शिकायला येणाऱ्या बायका फोटो लपवायची घाई करतात, यादीकडे कुणी बघतच नाही. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'लोक तुम्हाला कसे शोधतात आणि संपर्क करतात' असा भाग आहे. तिथं मित्रयादी कुणाला दिसावी, या प्रश्नासमोर 'ओन्ली मी' करा. तरीही तुमच्या दोघांच्या ओळखीचे मित्र समोरच्याला दिसतात, म्हणून अनोळखी रिक्वेस्ट घेऊच नका. 

मग प्रोफाइल लॉक करा. ही सोय भारतात २०२० पासून आहे. लॉक केलं की मित्र नसलेल्यांना तुमच्या पोस्ट दिसत नाहीत, फोटो मोठा करून बघता येत नाही. पण मग नवं गिऱ्हाईकही बाहेरच राहील, म्हणून बेदाण्याचं वेगळं पेज काढा. त्यावर मालाचे फोटो, भाव, धंद्याचा नंबर. मुलांचे, घराचे फोटो त्यावर नकोत.

व्हॉट्सअ‍ॅपलाही तसंच. धंद्यासाठी दुसरा नंबर घेऊन व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस ठेवा. दोन्ही एकाच फोनवर चालतात. घरच्या नंबरावर प्रोफाइल फोटो 'माय काँटॅक्ट्स' करा. मात्र तुम्ही नंबर सेव्ह केलेला प्रत्येक जण काँटॅक्टच धरला जातो, मग तो तासगावच्या सौद्यातला दलाल असो की टेम्पोवाला. त्यांना वगळायला 'माय काँटॅक्ट्स एक्सेप्ट' आहे. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे दुहेरी पडताळणी, सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. तो पिन किंवा मेसेजने येणारा कोड सख्ख्या भावालाही सांगायचा नाही.

प्रश्न : मी निवृत्त आहे. शेअर बाजाराच्या कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये मला न विचारता घेतात. रोज बाहेर पडायचं तरी किती?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काका, व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत 'ग्रुप्स' उघडा आणि 'एव्हरीवन'च्या जागी 'माय काँटॅक्ट्स' करा. मग अनोळखी माणसाला तुम्हाला थेट घेता येणार नाही. त्याला आमंत्रण पाठवावं लागेल, आणि तुम्ही हात लावला नाहीत तर ते तीन दिवसांनी आपोआप बाद होतं. तिथंच 'कॉल्स'मध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे. हे फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलपुरतं असतं, दवाखान्याचा साधा फोन नेहमीसारखाच वाजेल.