धुरा सरकला कधी?

वाचकांचे प्रश्न, पास्टरांची उत्तरं

प्रश्न: पास्टर साहेब, सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी हाये, नाव छापू नका. माह्या वावराले लागून एका विधवा बाईचं वावर हाये, नात्यानं ते आमची वहिनीच लागते. चार वर्षांपहिले मी तिले वावर इकत मांगतलं, भाव बी बरोबर लावला होता, पन ते म्हने का मालकाची निशाणी हाये, इकत नाही. मंग दरसाल नांगरटीच्या वख्ती मी ट्रॅक्टरवाल्याले सांगू लागलो का जरासं तिकून घे. आता धुरा, म्हंजे दोन वावरांमधला बांध, चारेक फूट सरकला अशीन. तिले समजलं नाही, पोरगं तिचं पुण्याले कंपनीत हाये. मागच्या महिन्यात चर्चमंधी प्रभुभोजनाच्या वख्ती, भाकर अन् द्राक्षरस वाटतात तवा, मले प्याला हातात घेववला नाही. घरची म्हनते सैतानानं तुमच्याकडून करून घेतलं. मले एवढंच सांगा, वावर पाहिजे असं वाटनं हेच पाप होतं का? मंग शेतकऱ्यानं इच्छाच करू नये का?

उत्तर: भाऊ, सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्याला हातात घेववला नाही असं तुम्ही लिहिलं ना, त्यावरून समजलं की मन अजून जागं आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो.

आधी इच्छेचं. वावर पाहिजे असं वाटणं पाप नव्हतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायात जिथं वासना पापाला जन्म देते असं लिहिलंय तिथं मूळ ग्रीक शब्द आहे एपिथुमिया, म्हणजे जोराची इच्छा, आणि हाच शब्द लूकाच्या २२ व्या अध्यायात खुद्द प्रभू येशूच्या तोंडी आहे, दुःख भोगण्याआधी शिष्यांसोबत वल्हांडण सणाचं जेवण करायची मला फार इच्छा होती असं तो म्हणतो. म्हणजे शब्द तोच, इच्छेचा जोर पण तोच. एखादा एकर वाढावा, विहिरीला पाणी लागावं, पोरीच्या लग्नाच्या वेळी कोणापुढं हात पसरावा लागू नये, यात काय वाईट आहे? तुम्ही विकत मागितलं, भाव बरोबर लावला, इथपर्यंत तुमचं काही चुकलं नाही भाऊ. वहिनी नाही म्हणाली त्यानंतर काय झालं ते बघा. ते 'नाही' तुम्ही घरी घेऊन आलात, रात्री खाटेवर पडल्या पडल्या त्याचाच विचार, की तिला एकटीला कुठं होतं एवढं वावर, पोरगं तर पुण्याला, असंही पडीकच राहणार. ट्रॅक्टर तर नंतर आला. त्याआधीच तुमच्या डोक्यातल्या नकाशातून वहिनी पुसली गेली होती, तिथं फक्त जमीन उरली होती, आणि माझ्या मते पाप तिथंच पोटात राहिलं.

पोटात राहिलं हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण याकोब तीच भाषा वापरतो, वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते आणि पाप वाढून मोठं झालं की मरणाला जन्म देतं. सुरुवातीचे महिने कोणाला काही दिसत नाही. पहिल्या वर्षी एक फूट, एक फुटाचं काय एवढं, बैल वळवतानाही तेवढं इकडंतिकडं होतंच.

आता घरच्या म्हणतात सैतानाचं. सैतान आहे, मी नाकारत नाही. पण त्या वचनात याकोब त्याचं नाव काढत नाही, देव कोणाला मोहात पाडत नाही असं म्हणतो आणि लगेच म्हणतो प्रत्येक जण स्वतःच्याच वासनेनं ओढला जातो आणि भुलवला जातो. तिथला 'भुलवणं' हा शब्द आमिष लावण्यावरून आलेला आहे, मासे धरताना गळाला लावतात ते. तुमच्याकडं तलावावर पोरं बसतात तसं समजा, माशाला गांडूळ दिसतं, गळ दिसत नाही, आणि गांडूळ कोणीही टाकलेलं असो, तोंड मासाच उघडतो. आदाम म्हणाला बाईनं दिलं, बाई म्हणाली सापानं भुलवलं, तेव्हापासून आपण सगळे हेच करत आलोय. ट्रॅक्टरवाल्याला 'तिकून घे' हे तुमच्या तोंडानं सांगितलं भाऊ.

तुमचं पत्र वाचताना मला सारखा अहाब राजा आठवत होता. बायबलमधलं 'पहिलं राजे' हे पुस्तक, अध्याय २१, आज रात्री घरच्यांसोबत पूर्ण वाचा. इज्रेलात राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता आणि राजाला तो कशाला पाहिजे होता माहीत आहे का, भाजीपाला लावायला! त्यानंही तुमच्यासारखाच रीतसर सौदा मांडला, यापेक्षा चांगला मळा देतो नाहीतर रोख किंमत देतो, आणि नाबोथानंही तुमच्या वहिनीसारखंच उत्तर दिलं की वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. तर सगळ्या देशाचा राजा घरी येऊन बिछान्यावर पडला, तोंड फिरवून, जेवेना. त्याची राणी ईजबेल, तिनं त्याच्या नावानं पत्रं लिहिली, त्याचीच मोहर मारली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारलं. आणि अहाबानं काय केलं? नाबोथ कसा मेला हे विचारल्याचं त्या अध्यायात कुठंही नाही, मेला म्हणून ऐकलं आणि उठून मळा ताब्यात घ्यायला निघाला. एका भाजीच्या वाफ्यापायी लोभ, खोटी साक्ष, खून आणि चोरी, देवाच्या दहा आज्ञांपैकी चार एकाच प्रकरणात मोडल्या.

या गप्प राहण्याबद्दल मला माझंही सांगायचंय. काही वर्षांपूर्वी मला मोठ्या गावच्या मंडळीत बदली पाहिजे होती, पोरांच्या शाळेसाठी असं मी सगळ्यांना सांगायचो आणि ते अर्धं खरं होतं. त्याच जागेसाठी दुसऱ्या एका पाळकाचं नाव होतं. त्यांच्याविषयी मीटिंगमध्ये कोणीतरी पैशावरून खोटं बोललं, मला पक्कं माहीत होतं की ते खोटं आहे आणि मी बोललो नाही. नुसता बसून राहिलो. बदली मला मिळाली. पुढं दीड वर्षानं मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा त्यांच्या बायकोनं पाण्याचा गिलास माझ्यासमोर ठेवला आणि ती आत निघून गेली, तो गिलास मी अजून विसरलो नाही.

तर आता तुमच्या कामाचं. अहाबाची गोष्ट तिथं संपत नाही. एलीया संदेष्ट्यानं त्याचं पाप तोंडावर सांगितल्यावर अहाबानं कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला, आणि देवानं ते पाहिलं आणि त्याच्या हयातीत संकट आणलं नाही, एवढा देव दयाळू आहे. पण मी तो अध्याय कितीदा वाचला, मळा नाबोथाच्या घरच्यांना परत दिला असं कुठंच लिहिलेलं नाही. रडला, उपास केला, मळा मात्र ठेवला. याच्या उलट लूकाच्या १९ व्या अध्यायातला जकातदार जक्कय बघा, तो उभा राहिला आणि म्हणाला कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. लेवीय पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातही हाच नियम, घेतलेलं परत द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा.

तुम्ही वावराची लांबी लिहिली नाही, समजा सहाशे फूट आहे. चार फूट गुणिले सहाशे म्हणजे २,४०० चौरस फूट, गुंठा असतो १,०८९ फुटांचा, म्हणजे दोन गुंठ्यांच्या वर झालं. एकरी आठ क्विंटल कापूस धरला तर यंदाचा ४४ किलो तिचा, आणि दरसाल एकेक फूट वाढत गेला असं धरलं तर चार वर्षांचा मिळून क्विंटलच्या वर जातो. एकट्या बाईच्या घरात क्विंटलभर कापसाचे पैसे म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

उलंगवाडी झाली, म्हणजे कापूस वेचून संपला, वावर मोकळं झालं की तालुक्याला भूमी अभिलेखच्या ऑफिसात मोजणीचा अर्ज टाका, फी तुम्हीच भरा. पण त्याच्या आधी वहिनीकडे जा. मोजणीदाराच्या तोंडून तिला समजू देऊ नका. घरच्यांना सोबत न्या, तिच्या पोराला पुण्याला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि 'चुकून सरकला' म्हणू नका, 'सरकवला' म्हणा. ती शिव्या देईल, कदाचित चारचौघांत बोलेल, गावात महिनाभर चर्चा होईल, ते सोसा. माफ करेलच असं नाही आणि माफ कर म्हणून तिच्या मागं लागू पण नका. देवाच्या माफीची मात्र शंका ठेवू नका, योहानाच्या पहिल्या पत्रात १:९ मध्ये स्पष्ट आहे, आपण पाप कबूल केलं तर तो क्षमा करायला विश्वासू आहे. प्याल्याचं म्हणाल तर मत्तय ५ मध्ये प्रभूनं क्रम लावून दिलाय, अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. तुमची ती वहिनी आहे एवढाच फरक.

प्रश्न: पास्टर, सलाम. मी वर्धा जिल्ह्यातली, बचत गटात आहे. शेळ्या घेते म्हणून गटातून कर्ज काढलं आणि पोराला मोटरसायकल घेऊन दिली, जावेच्या पोराकडे आली होती म्हणून. हप्ते मी वेळेवर भरते. मग यात पाप कुठं आलं?

उत्तर: ताई, हप्ते भरता हे चांगलंच आहे. पण तुम्हीच लिहिलंय 'जावेच्या पोराकडे आली होती म्हणून', तिथं बोट ठेवा. गाडी लागत होती म्हणून घेतली असती तर गटात गाडीसाठीच मागितली असती, शेळ्यांचं नाव घ्यावं लागलं नसतं. त्या कर्जासाठी बाकीच्या बायकांनी तुमच्या शब्दावर सह्या केल्या, आणि त्यातली एखादी खरंच शेळ्या घ्यायला थांबली असेल. पुढच्या मीटिंगला रजिस्टर उघडलं की कोणी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा, आणि जावेला त्याच्याही आधी, घरी, चहा ठेवून.