सात लाखांचं जुनं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

प्रश्न: बोरिवलीत राहतो, वय ४६, बांधकाम साहित्याचा व्यवसाय आहे. वसुलीची रोकड घेऊन फिरावं लागतं म्हणून शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला होता, तो मंजूर झाला. ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ त्यांचं विलायती .४५ रिव्हॉल्व्हर ७ लाखांना द्यायला तयार आहेत. ‘सोन्यासारखी वस्तू आहे, भाव पडत नाही,’ असं ते म्हणतात. घरची एफडी ९ लाखांची आहे. त्यातले ४ लाख मोडायचे आणि पत्नीच्या दागिन्यांवर ३ लाखांचं सोनेतारण काढायचं, असा विचार आहे. वरळीच्या रेंजवर सरावही करता येईल. पत्नीचा विरोध आहे. काय करावं?

उत्तर: पैशांचं बोलण्याआधी एक विचारतो. ‘.४५’ म्हणजे नेमकं कोणतं काडतूस? कारण .४५५ची कड असलेली (रिम्ड) किंवा .४५ची बिनकडेची (रिमलेस) काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात, ती रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (पीबी) मोडतात. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. लष्करी .३८०चं आणि ९ एमएमचंही तेच. मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो तो साधा, म्हणजे एनपीबी (प्रतिबंधित नसलेल्या बोअरचा) परवाना. प्रतिबंधित बोअरचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. त्या गृहस्थांकडे ते जुन्या परवान्यावर अगदी रीतसर असेल, पण तेवढ्यावर ते तुमच्या परवान्यावर चढणार नाही. परवान्याशिवाय प्रतिबंधित शस्त्र बाळगलं तर ७ ते १४ वर्षांची शिक्षा आहे. म्हणून नळीवर कोरलेला बोअर आणि त्यांच्या परवान्यातली नोंद आधी परवाना शाखेला दाखवा. तिथे ‘पीबी’ असं उत्तर आलं, तर पुढचं काही वाचायची गरजच नाही.

समजा, बोअर चालण्यासारखा निघाला. मग ‘भाव पडत नाही’ याकडे वळू.

भाव चढा आहे हे खरं, पण तो कशामुळे? सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणं सरकारने कित्येक वर्षांपूर्वी बंद केलं. नावाजलेल्या नेमबाजांना तेवढी सवलत आहे. त्यामुळे देशात आधीपासून जी विलायती हत्यारं आहेत, तीच हातोहात फिरतात. तुम्ही ७ लाख मोजणार ते पोलादाचे कमी आणि टंचाईचे जास्त. आणि ही टंचाई सरकारी धोरणातून आलेली आहे. धोरण एका अधिसूचनेने किंवा कायद्यातल्या दुरुस्तीने बदलतं. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत काय झालं ते पाहा. एका परवानाधारकाला तीन शस्त्रं ठेवता येत होती, ती दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते वर्षभरात जमा करावं लागलं, त्याची विल्हेवाट लावावी लागली. आज तेव्हासारखीच घाई कुणी लावली, तर तुम्ही भाव पाडून विकणाऱ्यांच्या रांगेत उभे असाल. शिवाय वेब्ली अँड स्कॉटसारखं विलायती नाव २०२०पासून उत्तर प्रदेशात .३२ बोअरची रिव्हॉल्व्हरं बनवतंय. नावाची अपूर्वाई अशीच हळूहळू उतरते.

विकायचं म्हटलं तर सोनं झवेरी बाजारात अर्ध्या तासात विकलं जातं. तुमच्या रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक कोण? ज्याच्याकडे त्या प्रकारचा परवाना आहे, त्यावर जागा शिल्लक आहे, खिशात ७ लाख आहेत आणि ज्याला मोठ्या बोअरचीच हौस आहे, असा माणूस. तो सापडला तरी शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विक्रीचा इरादा लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. धंद्यात चेक परतला, घरात कुणाला आयसीयूत ठेवावं लागलं, तर ४५ दिवस कुठून आणणार? कुठली बँक रिव्हॉल्व्हर तारण ठेवत नाही. परवान्याचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं, आणि ते होईलच याची हमी नाही. नाकारलं गेलं की हत्यार पोलिसांकडे किंवा डीलरकडे जमा. वारसांना ते हवं असेल तर त्यांना स्वतःचा परवाना काढावा लागतो. इथे एफडीसारखं नॉमिनी नाव लिहून भागत नाही.

हिशेब साधा आहे. ७ लाख साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले, तर करापूर्वी सुमारे १३ लाख होतात. म्हणजे रिव्हॉल्व्हरने नुसता भाव टिकवून चालणार नाही, जवळपास दुप्पट व्हायला हवं. आणि सोनेतारणावर १० टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ३० हजार जाणार, तेही दागिने गहाण असताना. वर तिजोरीचा खर्च. बँकेच्या लॉकरमध्ये शस्त्र ठेवायला परवानगी नसते, म्हणजे भिंतीत पक्की बसवलेली पोलादी तिजोरी घरातच हवी. पुढे तोट्यात विकलंत, तर वैयक्तिक वापराच्या वस्तूवरचा तो तोटा प्राप्तिकरात वजा होत नाही.

जुन्याच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो नाकारत नाही. नव्या रिव्हॉल्व्हरवर सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि खासगी माणसाकडून घेताना तो लागत नाही. पण तुलना नीट करा. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२चं ‘निर्भीक’ २०१४ साली आलं, तेव्हा ते साधारण १ लाख २२ हजारांना होतं, आणि तेव्हाही लोक ‘महाग’ म्हणाले होते. आता किंमत आणि कर दोन्ही वाढले असले, तरी नवं .३२ तुमच्या ७ लाखांच्या आतच बसेल. त्याची काडतुसं आपल्या खडकीत बनतात. मोठ्या विलायती बोअरची काडतुसं मिळतील तिथून, विक्रेता सांगेल त्या भावाने घ्यावी लागतात.

वरळीच्या सरावाचा बेत तर मला पटतच नाही. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत .३० ते .३८ इतकाच बोअर चालतो. .४५ घेऊन तुम्ही स्पर्धेत उतरूच शकत नाही. नेमबाजी शिकायची असेल तर क्लबचं सभासदत्व घ्या, प्रशिक्षकाकडे .२२वर हात बसवा.

रोकडीचं म्हणाल, तर मी आधी वसुली आरटीजीएसवर आणायला सांगेन. जे गिऱ्हाईक रोखच देतं, त्याची रक्कम दुकानातूनच बँकेत भरली जाईल अशी सोय पाहा. वाटेतल्या रोकडीचा विमाही निघतो, आणि त्याचा वर्षाचा हप्ता तुमच्या सोनेतारणाच्या व्याजाशी ताडून बघा.

माझं मत वहिनींच्या बाजूने आहे. एफडी मोडू नका, दागिने गहाण ठेवू नका. एवढं करूनही हत्यार हवंच वाटलं तर नवं .३२ घ्या, आणि तेही व्यवसायाच्या शिलकीतून, कर्ज न काढता. परवान्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते. ती जवळ आली म्हणून मिळेल ते उचलण्यापेक्षा मुदतवाढीचा अर्ज करा. त्या गृहस्थांना इसार अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर परवाना शाखेचं बोअरबद्दलचं उत्तर लेखी घेऊन त्यांच्याकडे जा. पैसे परत मागताना त्याचा उपयोग होईल.