इंग्लंडमधल्या ‘यॉर्क’ या नावाचा अर्थ काय?

प्रश्न छोटा आहे, पण या एका नावात चार भाषा दडल्या आहेत. रोमन सैन्याने इ. स. ७१ च्या सुमारास इथे तळ उभारला, तेव्हा नाव होतं ‘एबोराकम’. ते मूळ केल्टिक, म्हणजे रोमनांआधी तिथे राहणाऱ्या लोकांच्या भाषेतल्या, नावावरून आलं. त्याचा सर्वमान्य अर्थ ‘यू वृक्षांची जागा’; यू म्हणजे तिकडचं एक सदाहरित झाड. याच गावात ३०६ साली सैन्याने कॉन्स्टंटाईनला सम्राट घोषित केलं.

पुढे अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुनी इंग्रजी बोलणारे लोक, आले. त्यांना ‘एबोर’ कळेना, पण त्यांच्या भाषेत ‘एओफोर’ म्हणजे रानडुक्कर! झालं, गावाचं ‘एओफोरविक’ झालं. झाडाचं रानडुक्कर झालं ते केवळ कानाला जवळचं वाटलं म्हणून. मला या नावाच्या प्रवासातला हाच टप्पा सर्वांत आवडतो. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर जिंकलं, त्यांच्या तोंडी ते ‘योर्विक’ झालं आणि झिजत झिजत यॉर्क उरलं.

व्हायकिंगांची खूण रस्त्यांच्या नावांत आजही आहे. कॉपरगेट, स्टोनगेट यांतलं ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता. कॉपरगेटचाही तांब्याशी संबंध नाही, ती लाकडी पेले बनवणाऱ्यांची गल्ली. शहराच्या वेशींना मात्र तिथे ‘बार’ म्हणतात.

आणि हो, न्यूयॉर्कचं नाव थेट या शहरावरून नाही. १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून न्यू ॲमस्टरडॅम घेतलं आणि राजाचा भाऊ जेम्स, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्क, याच्या सन्मानार्थ ते नाव दिलं.