वाचकांचे प्रश्न : दाट गद्याची कादंबरी

प्रश्न : मर्विन पीक यांची 'टायटस ग्रोन' (१९४६) सुरू केली की पन्नासेक पानांत अडकते. वर्णनंच वर्णनं, कथानक हलत नाही. कशी वाचावी?

उत्तर : ही कादंबरी फँटसीत (अद्भुतकथेत) मोडते म्हणून तुम्ही जादूची वाट बघत असाल, तर ती इथे जवळपास नाहीच. आहे तो एक अवाढव्य किल्ला आणि त्यातले अर्थ हरवलेले विधी. नायक टायटस नुकताच जन्मलेला आहे, त्यामुळे गोष्ट तो पुढे नेत नाही. ती नेतो स्टीअरपाइक, मुदपाकखान्यातून निसटलेला पोरगा. तो खिडकीतून छपरावर चढतो, तिथवर नेट धरा.

झोपण्यापूर्वी चार पानं, असं वाचू नका. वाक्यं लांब आहेत, लय सापडायलाच तीन-चार पानं जातात. एका बैठकीत वीस पानं तरी व्हावीत. दर शब्दाला शब्दकोश उघडू नका. तोच शब्द तिसऱ्यांदा आला तर बघा. अडलेला परिच्छेद मोठ्याने वाचा. पीक चित्रकार होते, आधी जागा आणि उजेड दाखवतात, माणूस मागून येतो. म्हणून वर्णन गाळलंत तर पुढचा प्रसंग कुठे घडतोय तेच कळत नाही.

नावांसाठी पुठ्ठ्याची खूणपट्टी करा : नाव, काम, एक खूण. फ्ले, उमरावाचा सेवक, चालताना गुडघे कडकड वाजतात. पुढे अंधाऱ्या बोळात हा आवाज फार कामी येतो!

दुसरा भाग 'गॉर्मेनघास्ट' (१९५०) लगेच घ्या. तिसरा (१९५९) किल्ल्याबाहेर घडतो, त्याआधी थोडं थांबा.