निकाल आधी, दरपत्रक नंतर

चि. …,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. वॉटर प्युरिफायरवरचा लेख तयार आहे. वाचणारे बहुतेक पुणे, ठाणे, मुंबईकडचे, म्हणजे नळाला धरणाचं पाणी येणारे. त्यांना यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा प्युरिफायर, पुरेसा आहे हे तुला मोजमाप न करताही कळलंय. आणि आता एका कंपनीच्या माणसाचा फोन आलाय की आमचा आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी ढकलून क्षार काढणारा प्युरिफायर, पहिल्या नंबरवर ठेवा, प्रत्येक विक्रीमागे १,५०० रुपये देऊ. तू विचारतेस, "आरओमुळे कुणाचं नुकसान तर होत नाही ना? मग वर ठेवला तर काय बिघडलं?"

खरं-खोटं काय असतं ते तुला शिकवायची गरज नाही. ते कळत नसतं तर तू विचारलंच नसतंस. तुझं चुकलंय ते क्रमात. तू कमिशनचं दरपत्रक आधी पाहिलंस आणि निकाल नंतर लिहायला बसलीस. या धंद्यात मी एकच नियम मानतो आणि तो तुला या पत्रात इतक्या वेळा सांगणार आहे की कंटाळशील: निकाल आधी लिहायचा, दरपत्रक नंतर उघडायचं.

का, ते नीट समजून घे. ॲफिलिएट लेख, म्हणजे दुव्यावरून विक्री झाली की कमिशन मिळतं असे लेख, लिहिणारा माणूस धडधडीत खोटं क्वचितच लिहितो. आकडा डोक्यात बसला की तो वेगळ्याच गोष्टी करतो. तुलनेच्या तक्त्यात "किती टप्प्यांत शुद्धीकरण" असा रकाना घालतो, कारण त्यात आरओ जिंकतो. "किती पाणी वाया जातं" हा रकाना घालायचा राहून जातो. फिल्टरचा खर्च सातव्या परिच्छेदात जातो, आणि तिथपर्यंत कुणी वाचत नाही. प्रत्येक वाक्य खरं असतं, लेख मात्र खोटा होतो. हे टाळायला मनोनिग्रह पुरत नाही. आकडा माहीतच नसणं, एवढा एकच उपाय पुरतो.

आता नुकसानाचं बोलू. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. धरणाचं पाणी साधारणपणे त्याच्या बरंच खाली असतं. तिथे आरओ लावला की तो नसलेला आजार बरा करत बसतो. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. रोज १५ लिटर पिण्या-स्वयंपाकाला लागतात असं धर. दिवसाला ३० ते ४५ लिटर, वर्षाला ११ ते १६ हजार लिटर पाणी वाहून गेलं. पैशांचं बघ. आकडे उदाहरणाचे आहेत, तू तुझ्या मॉडेलचे घाल. आरओ १६,००० चा, पुढची चार वर्षं दरवर्षी फिल्टर आणि सर्व्हिसचे ३,५००, मध्ये एकदा मेम्ब्रेन, म्हणजे आतला पडदा, २,००० चं. पाच वर्षांत ३२,०००. यूव्ही ८,००० चा, पुढची चार वर्षं वर्षाला २,००० धरले तर पाच वर्षांत १६,०००. म्हणजे तुझ्या खात्यात १,५०० यावेत म्हणून एका घराच्या खिशातून १६,००० जास्तीचे गेले. नुकसान होत नाही म्हणतेस!

आणि हा पाच वर्षांचा हिशेब लेखात वरच्या बाजूला हवा. नुसती खरेदीची किंमत देऊन थांबणं हीसुद्धा लपवालपवीच.

निकाल आधी लिहायचा तर तो कशावरून लिहायचा? मोजण्यावरून. पेनसारखा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो ३४२ पीपीएमच्या (लिटरला ३४२ मिलिग्रॅम) कॅलिब्रेशन द्रावणात तपासून घे, नाहीतर सगळ्या नोंदी एकाच दिशेने चुकतील. नळ दोन मिनिटं वाहू दे, पेल्यात पाणी घे, मीटर खुणेपर्यंत बुडवून हलकेच झटक म्हणजे टोकावरचे बुडबुडे निघतील, आकडा स्थिर होईपर्यंत थांब, मग लिहून घे. एकाच घरी सकाळी आणि संध्याकाळी मोज, आणि मे महिन्यात पुन्हा मोज. उन्हाळ्यात सोसायट्यांमध्ये टँकरचं किंवा बोअरचं पाणी टाकीत मिसळतं. जानेवारीत १२० दाखवणारा नळ मे महिन्यात ७०० दाखवू शकतो, आणि मग तुझा निकालही बदलायला हवा.

पण टीडीएसचा आकडा कमी आला म्हणून पाणी सुरक्षित आहे असं लिहून मोकळी होऊ नकोस. मीटर क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. त्यासाठी एचटूएस व्हायल, म्हणजे जंतू तपासायची छोटी बाटली, असते, गावोगाव ग्रामपंचायतीही वापरतात. खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायची. पाणी काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याची शक्यता धरायची. तिथे यूव्ही कामाचा. मात्र यूव्हीलाही गढूळ पाणी चालत नाही, कणांच्या आड जंतू वाचतात, म्हणून आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर हवाच. वीज गेली की यूव्ही बंद. आणि शुद्ध झालेल्या पाण्यात पुढे जंतुनाशक काही उरत नाही, म्हणून ते दिवस-दिवस साठवायचं नाही. हे तीन तोटे तू लिहिलेच नाहीयेस. ज्याची शिफारस करतेस त्याचे तोटे जास्त बारकाईने लिहायला हवेत.

दुसऱ्या टोकाचंही ऐक. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोराइड यूव्हीने जात नाही, उकळूनही जात नाही, आणि टीडीएस मीटरला ते वेगळं दिसत नाही. तिथल्या वाचकाला "टीडीएस ५०० च्या खाली, यूव्ही घ्या" हा सल्ला घातक आहे. त्याला आधी पाणी प्रयोगशाळेत तपासायला सांग, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बोअरचं ९०० टीडीएसचं पाणी पिणाऱ्याला आरओच सांग, बिनधास्त सांग, आणि त्याचं कमिशन ताठ मानेने घे. कमिशन वाईट आहे असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. ते निकालाच्या आधी डोक्यात शिरलं की वाईट.

कंपन्यांचे विक्रेते घरोघर एक प्रात्यक्षिक दाखवतात, त्यावर तू व्हिडिओच कर. दोन पेले, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं स्वच्छ राहतं, आणि घरातली माणसं घाबरून चेक फाडतात. तो तपकिरी रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, लोखंडी कांडी विरघळते त्याचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज वाहत नाही आणि कांडी शाबूत राहते. आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून कांड्या पुन्हा बुडव, तेही तपकिरी होईल. या व्हिडिओवर तुला एक रुपया कमिशन मिळणार नाही. तरी कर.

आणि यादीत पहिला पर्याय काहीच न घेण्याचा असू दे. पालिकेचं क्लोरीन टाकलेलं पाणी गाळून, खळखळून एक मिनिट उकळलं तर जंतूंपुरतं काम भागतं. भाड्याच्या खोलीत वर्षभर राहणाऱ्या पोराला तेच सांगायला हवं. ज्या वस्तूवर तुला काही मिळत नाही तिचाही दुवा दे. तुझ्या यादीतल्या सगळ्याच वस्तूंवर कमिशन असेल, तर यादी पाण्याकडे बघून केलेली नाही हे शहाणा वाचक ओळखतो.

क्रम पाळायचा कसा, ते सांगतो. मोजमापं, फोटो, निकाल हे सगळं एका फाइलमध्ये तारखेसह लिही आणि माझ्याकडे किंवा मैत्रिणीकडे पाठवून दे. पाठवलं की निकाल गोठला. मग दुवे टाकायला बस, मग दर बघ. दर बघितल्यावर निकालात एक शब्दही बदलावासा वाटला तर नवं मोजमाप दाखव, नाहीतर हात लावू नकोस. डॅशबोर्ड, म्हणजे विक्री आणि कमाई दाखवणारं पान, महिन्यातून एकदाच उघड. रोज कमाई बघणाऱ्याचा हात आपोआप महागड्या मॉडेलकडे वळतो. डॅशबोर्डवर परतीचा रकाना मात्र नीट वाच. वस्तू परत आली की कमिशन काढून घेतात हे तुला माहीत आहे. एखाद्या मॉडेलच्या परती इतरांपेक्षा जास्त दिसल्या तर तुझी शिफारस चुकली आहे. लेख उघड आणि दुरुस्त कर, दुरुस्तीची तारीख वर लिही.

परीक्षणासाठी फुकट आलेलं यंत्र परत पाठव, कुरिअरची पावती ठेव. ठेवून घेतलंस तर ती तुझी मिळकत ठरते. जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० च्या वरच्या अशा लाभावर १० टक्के करकपातीचा नियम लागू झाला. कर हा दुय्यम भाग आहे. घरात फुकट आलेल्या यंत्राबद्दल वाईट लिहिताना हात अडखळतो, हे मुख्य.

कमिशनचा उल्लेख तू पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, इंग्रजीत केला आहेस. लेख मराठी आणि कबुली इंग्रजी? पहिल्या दुव्याच्या वर, मराठीत, लेखाच्याच आकाराच्या अक्षरात लिही: "या दुव्यावरून तुम्ही खरेदी केलीत तर मला विक्रेत्याकडून कमिशन मिळतं." "तुमची किंमत बदलत नाही" हे वाक्य खात्री असेल तरच जोड. व्हिडिओसाठी जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ॲस्कीचे, जून २०२१ पासूनचे नियम स्पष्ट आहेत: १५ सेकंदांहून छोट्या व्हिडिओत जाहिरातीची पट्टी किमान ३ सेकंद, १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठ्यात त्या वस्तूबद्दल बोलणं चालू असेपर्यंत पूर्ण वेळ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची भलामण करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. दाव्यांची पुरेशी शहानिशा केली होती हे दाखवता आलं तर त्याच कलमात संरक्षणही आहे. तुझ्या तारखेच्या नोंदी आणि फोटो तिथे उपयोगी पडतील.

आता तुझा शेवटचा प्रश्न: "मग कमवायचं कसं?" प्रामाणिकपणा शेवटी फायद्याचाच ठरतो असं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. महिन्याला ४० विक्री धर. कंपनीच्या आरओवर ६०,०००. ८,००० च्या यूव्हीवर ५ टक्के मिळतात असं धरलं तर ४०० प्रमाणे १६,०००. फरक ४४,००० चा आहे आणि तो दर महिन्याला राहणार. तो भरून निघेलच असं नाही. "सगळे असंच करतात" असं तू लिहिलंयस. करतात, आणि त्यांचे बंगले झालेत हेही मला दिसतं. मला हट्टी म्हणतात, धंदा कळत नाही म्हणतात. धंदा मला कळतो. वस्तू हातात न घेता केलेल्या याद्या माझ्याही नावावर आहेत. त्या पुढे काढून टाकल्या, पण त्यावरून ज्यांनी खरेदी केली त्यांचे पैसे परत गेले नाहीत. त्याची टोचणी अजून आहे, म्हणूनच या एका नियमावर मी इतका अडून बसतो. निकाल आधी. तुझ्यावर चिडलो असं वाटलं तर वाटू दे.

कमी कमाईत टिकायचं तर खर्च आणि कामाची विभागणी बदल. या एका लेखावर घर चालवू नकोस. पाणी मोजून देण्याचं काम सोसायट्यांना पैसे घेऊन करून दे, त्यात शिफारशीचा संबंध नाही. कमिशन नसलेले लेख, म्हणजे फिल्टर कधी बदलायचा, मेम्ब्रेन का गळतं, सर्व्हिसवाला कोणता पार्ट उगाच बदलतो, हे लिहीत राहा. घेतलेल्या यंत्राचं पुढे काय करायचं हे मराठीत कुणी धड सांगत नाही आणि लोक तेच शोधत असतात.

कंपनीच्या माणसाला आजच उत्तर लिही. दोन ओळी पुरेत: क्रम विकत मिळणार नाही, यंत्र पाठवायचं तर परतीच्या बोलीवर पाठवा, मोजमापात जे येईल ते छापलं जाईल. फोनवर बोलू नकोस, फोनवर तू भिडेला बळी पडतेस. तो १,५०० चे २,००० करेल, तेव्हाही याच दोन ओळी.

लेख तोवर थांबव. पाच घरं निवड: दोन पालिकेच्या नळाची, एक टँकरवाल्या सोसायटीतलं, एक बोअरचं, एक गावाकडच्या विहिरीचं. नोंदी आणि त्यावरचा निकाल रविवारपर्यंत मला पाठव. दरपत्रक पाठवू नकोस.

तुझा,
काका