इंग्रजी ‘बिगाइल’ (beguile) म्हणजे भुरळ घालणं की फसवणं? वाक्यात कसं वापरायचं?

आधी एक गोष्ट मिटवून टाकतो. ‘बिगाइलिंग स्माइल’चं ‘कपटी हास्य’ करणारे अनुवादक अजून भेटतात आणि वर कोश पुढे करतात: बघा, पहिलाच अर्थ ‘फसवणे’ दिलाय. अहो, काही कोश अर्थ कालक्रमानं लावतात, त्यात जुना अर्थ आधी येणारच. ‘गाइल’ म्हणजे कपट, तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याला ‘बि’ लागला, हे खरं. पण आजच्या इंग्रजीत ‘बिगाइलिंग’ बहुतेक वेळा कौतुकानंच म्हणतात. आवाज, हसू, एखादं बेट, कोणाचंही वर्णन त्यानं होतं. ‘मोहक’ लिहा आणि पुढे चला.

क्रियापदाचा अर्थ मात्र मागून काय येतं त्यावर ठरतो. ‘इंटू’ आलं की कोणीतरी गोड बोलून काहीतरी करून घेतलंय: ‘ही बिगाइल्ड हर इंटू साइनिंग’, म्हणजे भुलवून सही घेतली. इथे बरेच जण ‘टू साइन’ लिहितात. ते चूक, ‘इंटू’ आणि पुढे ‘आयएनजी’चंच रूप हवं. ‘आउट ऑफ’ आलं की काहीतरी हातचं गेलं: ‘बिगाइल्ड हिम आउट ऑफ हिज सेव्हिंग्ज’. नुसतं ‘वॉज बिगाइल्ड बाय हर व्हॉइस’ असेल तर तो फक्त भुलला, नुकसान काही नाही. आणि कर्म ‘टाइम’ किंवा ‘अवर्स’ असेल तर वेळ मजेत घालवणं. ‘दे बिगाइल्ड द अवर्स विथ स्टोरीज’. कर्माशिवाय हे क्रियापद सहसा उभंच राहत नाही, त्यामुळे नुसतं ‘शी बिगाइल्ड’ लिहू नका.

‘डिसीव्ह’च्या जागी सरसकट बसवू नका. समोरच्याला त्या क्षणी छान वाटत होतं का, हे विचारा. वाटत असेल तरच बिगाइल. खोटी बिलं लावून पैसे उकळले, तर तिथे ‘चीट’ किंवा ‘डिफ्रॉड’. तक्रार अर्जात तर हा शब्द नकोच. तो साहित्यिक वळणाचा आहे, अर्जात हास्यास्पद दिसतो. मराठीत ‘भुलवणे’ याला सगळ्यात जवळचा, कारण त्यातही लाड आणि लबाडी दोन्ही मावतात. फक्त वेळेच्या अर्थाला तो चालत नाही, तिथे ‘मन रमवणे’ घ्या.

उच्चार ‘बिगाइल’, जोर ‘गाइ’वर. ‘यू’ मुका, ‘गाइड’मध्ये असतो तसाच. ‘बेगुइल’ नाही.

हां, वर दिलेली कसोटी जुन्या मजकुराला लावू नका. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये हव्वा ‘सर्पानं मला बिगाइल केलं’ म्हणते, तिथे भुलवणं जमून जातं. पण त्याच बायबलमध्ये, लग्नात ठरलेल्या राहेलऐवजी तिची बहीण लेआ गळ्यात मारल्यावर याकोब सासऱ्याला, म्हणजे लाबानाला, हेच क्रियापद ऐकवतो, आणि त्यात मोहाचा लवलेश नाही, निव्वळ फसवणूक आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये ‘बिगाइल द टाइम’ दिसलं म्हणून ‘वेळ घालव’ असं भाषांतर केलंत तर तोंडावर पडाल. लेडी मॅकबेथ नवऱ्याला सांगतेय की भोवतालच्या लोकांना फसवायचं असेल तर त्यांच्यासारखाच चेहरा ठेव. तिथला ‘टाइम’ म्हणजे आसपासचं जग.