आधी मदतीचं ठरव, घराचं नंतर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कराडजवळचं गाव, वय २२, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी), व्हीलचेअर, बीकॉम झालेलं, पुण्यात अकाउंट्सची नोकरी पक्की होत आलेली. आणि घरी एकच पालुपद, "आम्ही आहोत तोवर तुला कशाला जायचंय?" एकटीनं राहणं जमेल का, आणि सुरुवात भाड्याचं घर बघण्यापासून करू का, असं विचारलंयस.

मी तुझ्याहून सोळा वर्षांनी मोठी, म्हणून सरळ तू म्हणते. १९व्या वर्षी आंब्यावरून पडले, कमरेखाली संवेदना नाही. गेली ११ वर्षं पुण्यात राहते. तुझ्या स्नायूंचा ताठरपणा मला नाही, माझी कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची भानगड बहुधा तुला नसेल. तेवढं वजा करून वाच.

घर नंतर बघ. आधी एक वही घे आणि तुझा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून काढ. कुठल्या वेळी, कशासाठी, किती मिनिटं दुसऱ्याचा हात लागतो तेवढंच. अंथरुणातून चेअरवर, संडास, अंघोळ, वेणी, डब्याचं झाकण, सगळं. चार दिवस लिही, त्यातला एक दिवस पाळीचा असू दे आणि एक तापाचा किंवा कडक थंडीचा. आई सतत आजूबाजूला असते तेव्हा आपल्याला किती मदत लागते ते आपल्यालाच माहीत नसतं. मी लिहिलं तेव्हा मला वाटत होतं दिवसाचे सात-आठ तास लागतील. निघाले साडेतीन, सकाळी दोन आणि रात्री दीड. बाकीचं सगळं लागत नव्हतं, होत होतं इतकंच.

यात लाजू नकोस. मला कपडे एकटीनं घालता येतात, पण सव्वा तास लागतो आणि नंतर दंड भरून येतात. मदतीला बाई असली तर पंधरा मिनिटं. पहिलं वर्ष हट्टानं कपडे स्वतःच घातले, कारण "स्वतंत्र" राहायला आले होते ना! ऑफिसला पोचेपर्यंत माझ्यात काही उरायचं नाही. आता कपडे बाई घालते. कुठले घालायचे, किती वाजता उठायचं, जेवायला काय, हे मी ठरवते. एड रॉबर्ट्सची गोष्ट घरी सांगून बघ. पोलिओनं मानेखाली लुळा, श्वासाला यंत्र, तरी १९६२ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकायला गेला आणि विद्यापीठाच्या इस्पितळातच एका खोलीत राहिला. सरकारच्या पुनर्वसन खात्यानं तो काम करण्याच्या पलीकडचा आहे असं ठरवून आधी पैसे नाकारले होते. पुढे तो त्याच खात्याचा संचालक झाला. १९७२ साली त्यानं आणि त्याच्या मित्रांनी बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र सुरू केलं. त्या माणसाला स्वतःच्या हातानं घासही घेता येत नव्हता.

आता बाई. यावरच सगळं उभं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्यूरोतून बारा तासांची बाई घेऊ नकोस, निदान सुरुवातीला तरी. महाग पडते आणि मधले आठ तास ती रिकामी बसून तुझी आई होते. वहीतल्या तासांपुरती, जवळ राहणारी बाई शोध. वॉचमनची बायको, इस्त्रीवाला, समोरच्या आजींकडे येणारी मावशी, यांच्याकडून सापडते. आणि एक नको, दोन हव्यात. एक नेहमीची, दुसरी आठवड्यातून दोनदा येणारी, म्हणजे तिचाही हात बसलेला राहतो. गणपतीत आणि मे महिन्यात सगळ्या मावशा एकदम गावाला जातात, हे पुण्यात राहायला लागलं की कळतं. माझ्या पहिल्या दिवाळीत बाई आलीच नाही आणि फोनही बंद. दुपारी दोनपर्यंत अंथरुणात होते, ओली. त्या दिवसापासून घराची एक किल्ली शेजारी असते आणि भिंतीवर तीन नंबर चिकटवलेले असतात, कोणाला कुठल्या क्रमानं फोन करायचा ते ठरलेलं.

पगार ठरवताना घासाघीस करू नकोस, त्यापेक्षा भरपगारी रजा किती आणि दिवाळीला काय हे पहिल्याच दिवशी बोलून टाक. पोलिसांकडची नोंदणी करून घे. यूपीआयचा पिन कोणालाही नाही, अगदी जीव लावणाऱ्या बाईलाही नाही. कोणाच्या हाताळण्यात काही खटकलं तर कारण न देता बंद करायची मुभा तुला आहे. दुसरी बाई मिळेपर्यंत कसं होईल या भीतीनं चालवून घेऊ नकोस. दुसरी बाई हवी ती यासाठीसुद्धा.

हे सगळं पुण्यात पहिल्यांदा करायचं नाही. आत्ता, घरीच, गावातली एक बाई दोन महिने सकाळी ठेव. पैसे तू द्यायचे, सांगायचं तू. आई मध्ये पडणारच, "तिला तसं नको, असं उचल." तेव्हा आईला चहाला पाठवायचं आणि स्वतः सांगायचं. तू लिहिलंयस की बोलताना अडखळतेस आणि लोक घाई करून वाक्य पूर्ण करतात. मग चेअरवरून पलंगावर कसं न्यायचं, ब्रेक आधी, पाय कुठे, हात काखेत घालायचा नाही, याचा धाकट्या भावाकडून मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून घे. नव्या बाईला तो दाखवायचा. पाय ताठ झाले की ओढायचं नाही, थांबायचं, हेही त्यात असू दे.

शिवाय कोल्हापूर तुला लांब नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड तिथे आहे, उचगावला वसतिगृह आहे. आधी फोन करून एकदा बघून ये, शक्यतो वडिलांना घेऊन. चेअरवरून पलंगावर जायला मला डॉक्टरांनी शिकवलं नाही, दुसऱ्या चेअरवरच्या बाईनं शिकवलं. आणि वडिलांना हजार गोष्टी सांगून पटत नाही ते चेअरवर कामाला लागलेली चार माणसं बघून पटतं.

मग घर. "लिफ्ट आहे" यावर विश्वास ठेवू नकोस. लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत पाच पायऱ्या असतात, किंवा ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. मी अशी अकरा घरं पाहिली. टेप घेऊनच जायचं. चेअरची रुंदी बहुतेक २५ इंच, आणि आपल्याकडे बाथरूमची दारं २७ किंवा ३० इंचांची. दाराची फळीच त्यात दीड-दोन इंच खाते. मी मालकांना विचारून दार उतरवलं आणि जाड पडदा लावला, दार माळ्यावर ठेवलंय. रॅम्पचं गणित सोपं, एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. सोसायटी दोन फुटांची घसरगुंडी बांधून "करून दिला की रॅम्प" म्हणते, ती बिनकामाची. तळमजला मिळाला तर उत्तमच, वीज गेली तरी अडकत नाहीस. आणि घर ऑफिसजवळ घे, भाडं दोन हजार जास्त पडलं तरी. मेट्रोत लिफ्ट आहे, चेअर सरळ डब्यात जाते, पण घर ते स्टेशन हा फुटपाथ कोणी बांधायचा?

ऑफिसशी रुजू होण्याआधी बोल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण करावं लागतं, त्यात सोयीसुविधांचा उल्लेख आणि संपर्क अधिकारी असायला हवा. ते धोरण ईमेलवर माग. भांडणाच्या सुरात नको, "मला टेबलाची उंची आणि टॉयलेट बघायला एक दिवस यायचंय" एवढंच. मी माझ्या पहिल्या नोकरीत हे केलं नाही. टॉयलेटला चेअर जात नव्हती म्हणून पाणी पिणं बंद केलं, नऊ तास एका जागी बसले, आणि बसायच्या हाडावर जखम झाली. अडीच महिने पालथी पडून होते. तुला संवेदना आहे म्हणजे दुखेल तेव्हा कळेल, तरी दर अर्ध्या तासानं वजन हलवायची सवय लाव.

पैशांचं थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेचे महिना २,५०० नोकरी लागली की उत्पन्नाच्या अटीमुळे बंद होतील, घरात यावरून चर्चा होईल, तयारी ठेव. महाराष्ट्रात ४० टक्क्यांवरच्या कायम अपंगत्वाला व्यवसाय कर माफ आहे. एचआरला हे बहुतेक वेळा आपणच सांगावं लागतं. आयकरात जुन्या पद्धतीत ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००. पण ती तू घेतलीस की तुझ्या नावावर वडील घेत असतील ती त्यांना मिळणार नाही. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना काढली नसेल तर आधी काढ. सेरेब्रल पाल्सीला चालते, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च त्यात येतो आणि आधी तपासणी लागत नाही. आणि तीन महिन्यांचा बाईचा पगार वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही.

बँकेत एक गोष्ट होईल. तुझी सही दर वेळी वेगळी येणार आणि "मॅच होत नाही" म्हणतील. अंगठा चालतो, तो खातं उघडतानाच नोंदवून ठेव. तिथेच कोणीतरी वडिलांना म्हणेल, पालकत्वाचा दाखला आणा. नॅशनल ट्रस्टच्या १९९९च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो, हे खरं. पण तो ज्याला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत त्याच्यासाठी. तू बीकॉम झालेली, व्यवहार कळणारी मुलगी आहेस. स्वतःचे पैसे स्वतः सांभाळायचा हक्क तुला २०१६च्या कायद्यानं दिलाय. वडिलांनी प्रेमानं तो कागद केला तरी तू नको म्हण. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची मुदत तेवढी बघून घे.

आता आई. ती म्हणेल, पहिला महिना मी येऊन राहते. येऊ दे, पण एक आठवडा, आणि परतीचं तिकीट आधीच काढ. त्या आठवड्यात बाईला दोन्ही वेळ बोलावायचं, आईनं फक्त बघायचं. माझ्या आईनं तिसऱ्या दिवशी बाईला पुरणपोळी शिकवायला घेतली, तेव्हा मला कळलं की आता ही जाईल.

वहीचे चार दिवस भरले की इथे टाक, खासगी वाटतं ते गाळून. वेळा बघून किती तासांची बाई लागेल आणि ऑफिसची वेळ अर्धा तास पुढे मागायची का ते सांगते.